उत्सवातील वध आणि न्यायाचा उच्चार : नाट्याचार्य कृ. प्र. खाडिलकर यांचे जीवन

मराठी नाट्यसमीक्षेने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्यासाठी दोन चौकटी निश्चित करून ठेवल्या आहेत. एका चौकटीत 'कीचकवधा'चा कर्ता, म्हणजे पौराणिक कथेच्या आडून राजकीय रूपक मांडणारा लोकमान्यांचा अनुयायी आहे. दुसरीत 'मानापमान' आणि 'स्वयंवर' या नाटकांमुळे संगीत रंगभूमीच्या वैभवकाळाशी जोडला गेलेला नाट्याचार्य आहे. या दोन्ही चौकटी खऱ्या आहेत. परंतु त्यांच्यामुळे खाडिलकरांच्या आयुष्यातून आणि नाटकांतून सलग वाहणारा एक प्रश्न झाकला जातो. राजवाड्यात, सणासुदीच्या गजबजाटात एखाद्याचा जीव जातो. तो कोणी घेतला हे बहुतेकांना ठाऊक असते. मग ते उघडपणे सांगायचे कोणी? 'सवाई माधवराव यांचा मृत्यू', 'कीचकवध' आणि 'भाऊबंदकी' या तिन्ही नाटकांच्या मुळाशी हा प्रश्न आहे. त्याची उत्तरे मात्र तीन वेगवेगळी आहेत. मृत्यू, वध आणि भाऊबंदकी या तीन शब्दांतच त्या भिन्न भूमिकांची खूण सापडते. खाडिलकरांचे चरित्र या प्रश्नाच्या आधारे वाचले असता त्यांच्या नाट्यदृष्टीचा विकास अधिक स्पष्ट होतो.

सांगलीचे संस्कार

खाडिलकरांचा जन्म २५ नोव्हेंबर १८७२ रोजी सांगली येथे झाला. कृष्णाकाठची ही नगरी तेव्हा पटवर्धन संस्थानिकांची राजधानी होती. संस्थानचे आराध्य दैवत गणपती, आणि त्याचे मंदिर हे नगरीच्या जीवनाचे केंद्र. मराठी रंगभूमीच्या इतिहासात सांगलीचे स्थान निर्विवाद आहे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग याच गावी केला. सांगलीलगत कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेले हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचे जन्मगाव. नाटक ही ज्या गावात नवलाची नव्हे तर घरोब्याची गोष्ट होती, अशा गावात खाडिलकर वाढले.

सांगलीने त्यांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे पेशवाईच्या उत्तरकाळाशी असलेली जवळीक. नारायणराव पेशव्यांच्या वधानंतर रघुनाथरावांच्या विरोधात जे बारभाईंचे राजकारण उभे राहिले, त्यात पटवर्धन सरदारांचा वाटा मोठा होता. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पुढे पटवर्धनी दप्तरातील कागद निवडून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. शनिवारवाड्यात घडलेल्या घटना या परिसरात केवळ पाठ्यपुस्तकात वाचायच्या नव्हत्या. ज्या घराण्याचे पूर्वज त्या घटनांचे साक्षीदार होते, त्याच घराण्याचे राज्य येथे चालू होते.

प्रारंभीचे शिक्षण सांगलीत पूर्ण करून खाडिलकर पुण्यास गेले आणि १८९२ मध्ये तत्त्वज्ञान हा विषय घेऊन पदवीधर झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी सांगलीच्या शाळेत अध्यापन केले. त्यांचे पहिले नाटक याच काळातील होय.

पहिला मृत्यू : उच्चाराचा अभाव

'सवाई माधवराव यांचा मृत्यू' हे नाटक खाडिलकरांनी १८९३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी लिहिले. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) या नाटकाने मराठीत ऐतिहासिक नाटकाचा पाया घातला होता. मात्र इतिहासातील एका संशयास्पद मृत्यूकडे शेक्सपिअरच्या शोकात्मिकेच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न खाडिलकरांनी केला. त्यासाठी आवश्यक ती दोन साधने मराठीत नुकतीच उपलब्ध झाली होती. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी 'विकारविलसित' (१८८३) या नावाने 'हॅम्लेट' मराठीत आणले होते. हरिपूरच्या देवलांनी 'झुंझारराव' (१८९०) या नावाने 'ऑथेल्लो'. सांगलीच्या तरुण नाटककाराने या दोन्ही प्रकृती एका नाटकात एकत्र केल्या. त्याचा माधवराव हॅम्लेटप्रमाणे अंतर्मुख व द्विधाग्रस्त आहे, आणि त्याच्या मनात यशोदाबाईंविषयी संशयाचे विष कालविणारा केशवशास्त्री इयागोच्या कुळीचा आहे.

ऐतिहासिक घटना अशी की, १७९५ च्या ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांतच, सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली कोसळले आणि २७ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले. ते वय वर्षे एकवीस होते. नाटककारही त्याच वयाचा होता. हा आत्मघात होता की ज्वराच्या भरातील अपघात, याविषयी इतिहासकारांत मतभेद राहिले. नाना फडणिसांच्या कडक देखरेखीखाली वाढलेल्या या पेशव्याच्या अंताला जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर एका व्यक्तीच्या नावाने देणे इतिहासाला शक्य नव्हते. खाडिलकरांनी केशवशास्त्र्याच्या रूपाने ते देण्याचा प्रयत्न केला. तथापि त्या नाटकात अपराधाचा निवाडा करणारी, सर्वमान्य अधिकार असलेली व्यक्ती नाही. दसऱ्याचा थाट ओसरतो न ओसरतो तोच दौलतीचा धनी जातो आणि दौलत अवाक् होऊन पाहत राहते. शीर्षकातील मृत्यू हा शब्द या दृष्टीने अन्वर्थक आहे. त्या शब्दाला कर्ता लागत नाही. हे नाटक 'विविधज्ञानविस्तारा'तून प्रसिद्ध झाले. रंगभूमीवर येण्यास मात्र त्याला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाची वाट पाहावी लागली.

उत्सवाचा पुरस्कर्ता

ज्या वर्षी हे नाटक लिहिले गेले, त्याच वर्षी, म्हणजे १८९३ मध्ये, पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप लाभले. १८९६ मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय महोत्सवांच्या आवश्यकतेविषयी खाडिलकरांनी लिहिलेला लेख 'केसरी'त अग्रलेखाच्या जागी छापला गेला. विखुरलेल्या समाजाला एकत्र आणण्याचे, त्याला स्वतःच्या इतिहासाचे भान देण्याचे सामर्थ्य उत्सवात असते, ही त्या लेखाची भूमिका टिळकांच्या विचारांशी इतकी जुळणारी होती की तो लेख टिळकांचाच असावा असे अनेकांना वाटले. या लेखाने खाडिलकरांचा 'केसरी'शी संबंध दृढ झाला आणि १८९७ पासून ते त्या पत्राच्या संपादकवर्गात दाखल झाले.

त्याच १८९७ सालाने उत्सवाची दुसरी बाजूही दाखविली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव २२ जून रोजी पुण्यात साजरा झाला. गणेशखिंडीतील समारंभ आटोपून परतत असता प्लेग अधिकारी रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. रोषणाई, गाड्यांची वर्दळ आणि रात्रीचा काळोख यांच्या आडोशाने हे कृत्य घडले. त्यापाठोपाठ टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. उत्सवाची महती सांगून वृत्तपत्रसृष्टीत प्रवेश केलेल्या पंचवीस वर्षांच्या लेखकासमोर पहिल्याच वर्षी हा प्रसंग उभा राहिला. उत्सव माणसांना एकत्र आणतो, म्हणून तो साक्षीदार निर्माण करतो. परंतु त्याच्या गर्दीत शस्त्र लपते, म्हणून तो साक्ष बुडवितोही. ही दुहेरी जाणीव खाडिलकरांच्या पुढील नाटकांत दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे खाडिलकर नेपाळात राहिले. कौलांचा कारखाना हे त्या वास्तव्याचे दर्शनी कारण होते. शस्त्रनिर्मितीची सिद्धता करणे हा अंतस्थ हेतू होता. तो सफल झाला नाही. परंतु स्वतःची खरी ओळख दडवून परक्या दरबाराच्या आश्रयाने राहण्याचा हा अनुभव, पांडवांच्या अज्ञातवासावर पुढे नाटक लिहिणाऱ्या लेखकाच्या चरित्रात दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दुसरा वध : कृतीचे उत्तर

'कीचकवध' १९०७ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सैरंध्रीच्या वेषातील द्रौपदी, मदांध कीचक, संयमाचा आग्रह धरणारा युधिष्ठिर आणि प्रतिकाराला अधीर झालेला भीम या चौघांत लॉर्ड कर्झन, मवाळ व जहाल पक्ष आणि परतंत्र हिंदुस्थान यांची रूपे प्रेक्षकांनी तत्काळ ओळखली. या रूपकाची चर्चा विपुल झाली आहे. तुलनेने कमी लक्ष गेले ते मूळ कथेतील एका तपशिलाकडे. विराटपर्वात सुदेष्णा आपल्या भावाला सुचविते की, पर्वणीचे निमित्त करून मद्य व पक्वान्ने सिद्ध करावीत, म्हणजे मद्य आणण्यासाठी सैरंध्रीला त्याच्या मंदिरी पाठविता येईल. सण हे येथे अत्याचाराचे साधन आहे. सैरंध्री भर सभेत दाद मागते. राजा विराट उपस्थित असतो, कंकभट्टाच्या रूपात धर्मराज उपस्थित असतो, तरी निवाडा होत नाही. ज्या सभेने न्याय द्यायचा ती मौन धारण करते तेव्हा रात्रीच्या काळोखात, रिकाम्या नृत्यशाळेत भीमाला तो द्यावा लागतो.

शीर्षकातील वध हा शब्द म्हणून महत्त्वाचा आहे. खून या शब्दाने कर्त्याला अपराधी ठरते. वध या शब्दाने त्याला अधिकार मिळतो. सभेचे मौन हाच भीमाचा अधिकार, असे या नाटकाचे उत्तर आहे. ते परिणामकारक होते. परंतु ते उत्तर अंधारात दिलेले आहे आणि न्यायासन त्यानंतरही रिकामेच राहते. खाडिलकर येथे थांबले नाहीत, याचे कारण त्यांच्या पुढील नाटकात सापडते.

सातारा : एका तपासाची कथा

'भाऊबंदकी'चा विषय नारायणराव पेशव्यांचा वध. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, गणेशोत्सव चालू असता आणि अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवसावर आली असता, शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या पेशव्याला ठार केले. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. मारला गेलेला, संशयित आणि त्यांचे आप्तस्वकीय एकाच छपराखाली. ज्यांनी रक्षण करायचे तेच मारेकरी. आणि भोवती सणाची धामधूम. विसाव्या शतकातील इंग्रजी रहस्यकथांनी नाताळच्या सुटीसाठी ग्रामीण भागातील एखाद्या हवेलीत जमलेल्या कुटुंबात खून घडविण्याचा प्रघात पाडला. ॲगाथा ख्रिस्ती यांची या धाटणीची प्रसिद्ध कादंबरी १९३८ ची. शनिवारवाड्यातील घटनेत ही सर्व सामग्री दीडशेहून अधिक वर्षे आधी इतिहासानेच जुळवून ठेवली होती.

या घटनेचा तपास ज्यांनी केला ते रामशास्त्री प्रभुणे सातारा परिसरातील. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरील क्षेत्र माहुली हे त्यांचे गाव. लहानपणी साताऱ्यात सावकाराच्या घरी चाकरी, मग अपमानाची बोच लागून काशीस अध्ययन, आणि अखेरीस पुण्याच्या न्यायासनावर अधिष्ठान, असा त्यांच्या जीवनाचा क्रम परंपरेने जतन केला आहे. साताऱ्याचा या प्रकरणाशी दुसराही संबंध आहे. पेशवेपदाची वस्त्रे देण्याचा अधिकार साताऱ्याच्या छत्रपतींचा. वधानंतर रघुनाथरावांनी आपले मानलेले पुत्र अमृतराव यांना साताऱ्यास पाठवून ती वस्त्रे आणविली. म्हणजे सत्तेला मान्यता साताऱ्याहून मिळाली आणि तिच्या अधिकाराला आव्हानही साताऱ्याजवळच्याच माणसाने दिले.

या प्रकरणाची जी कथा पुढे सर्वतोमुखी झाली, तिची घडणही साताऱ्याशी निगडित आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभी साताऱ्यास रेसिडेंट असलेला जेम्स ग्रँट डफ याने तेथील कागदपत्रांच्या व जाणत्या लोकांच्या साहाय्याने मराठ्यांच्या इतिहासाची सामग्री जमविली. त्याचा ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि थोड्याच काळात मराठीतही आला. रामशास्त्र्यांनी सुमारे सहा आठवडे चौकशी केली, गारद्यांना दिलेला मूळ कागद हस्तगत केला, त्यात धरावे या शब्दाचे मारावे असे झालेले त्यांना आढळले, हा वृत्तान्त या ग्रंथात आहे. हा फेरफार आनंदीबाईंनी केला ही समजूतही त्यात नोंदविली आहे. तपासाअंती रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले आणि त्या राज्यात पुन्हा पाऊल न ठेवण्याचा निर्धार करून वाईजवळच्या एका खेड्यात ते जाऊन राहिले.

ध चा मा या प्रसंगाला समकालीन कागदाचा भक्कम आधार नाही, हे इतिहाससंशोधकांनी दाखवून दिले आहे. आनंदीबाईंवरील दोषारोप बव्हंशी लोकसमजुतीचा आहे. परंतु नाटककाराच्या दृष्टीने या कथेचे मोल वेगळे होते. तीत गुन्हा, पुरावा, तपास आणि निवाडा हे चारही टप्पे होते; आणि निवाडा सत्ताधीशाच्या विरुद्ध, त्याच्याच दरबारात, शस्त्राविना झालेला होता.

तिसरे उत्तर : 'भाऊबंदकी'

'भाऊबंदकी' १९०९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या आदल्या वर्षी, २२ जुलै १९०८ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली होती व ते मंडालेच्या तुरुंगात होते. 'केसरी'ची धुरा त्या बिकट काळात खाडिलकरांवर आली. वृत्तपत्रातील प्रत्येक शब्द सरकारी भाषांतरकाराच्या नजरेखालून जात होता. त्याआधी, १९०७ च्या डिसेंबरात, सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात मवाळ व जहाल यांची फूट पडली होती. भाऊबंदकी या शब्दाचा रोख समकालीन प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मात्र या नाटकाकडे केवळ पक्षभेदाचे रूपक किंवा मराठी 'मॅक्बेथ' म्हणून पाहणे अपुरे ठरते. आनंदीबाईंच्या व्यक्तिरेखेवर लेडी मॅक्बेथची छाया आहे, हे समीक्षकांनी यथार्थपणे दाखविले आहे. महत्त्वाकांक्षा आणि पतिनिष्ठा यांच्या मिश्रणातून खाडिलकरांनी लोककथेतील दुष्ट स्त्रीला एक मानवी उंची दिली. त्याचप्रमाणे रघुनाथराव हा सरळ खलपुरुष नाही. अटकेपर्यंत गेलेला हा पराक्रमी पुरुष दुबळ्या मनामुळे पापाच्या वाटेला लागतो आणि त्या पापाची जाणीव त्याला स्वस्थ बसू देत नाही. परंतु 'मॅक्बेथ'मध्ये अपराध्याचा शेवट तलवारीने होतो. रामशास्त्र्यासारखे पात्र त्या नाटकात नाही. खाडिलकरांच्या नाटकाचे शिखर रणांगणावर नसून दरबारात आहे, आणि तेथे जे घडते ती कृती नव्हे, तो उच्चार आहे.

रहस्यकथेचे कुतूहल खुनी कोण या प्रश्नावर पोसलेले असते. 'भाऊबंदकी'च्या प्रेक्षकाला हे उत्तर नाट्यगृहात पाऊल टाकण्यापूर्वीच माहीत असते. दरबारातील प्रत्येक मुत्सद्द्यालाही त्याची कल्पना आहे. रहस्य एवढेच उरते की, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सांगण्याचे धैर्य कोणाजवळ आहे. रामशास्त्री ती सांगतो आणि निघून जातो. रघुनाथरावाला तो गादीवरून खाली ओढू शकत नाही. त्याच्या निवाड्याची अंमलबजावणी करणारे हात त्याच्याजवळ नाहीत. तरीही त्या उच्चाराने रघुनाथरावाच्या पेशवाईचा नैतिक आधार नाहीसा होतो. 'कीचकवधा'त सभा गप्प राहिली म्हणून रात्रीच्या काळोखात वध करावा लागला. 'भाऊबंदकी'त सभेत बोलले गेले म्हणून वधाची आवश्यकता उरली नाही. मुंबईच्या न्यायालयात सत्तेने नेमलेल्या न्यायाधीशाने लोकनायकाला शिक्षा दिली, त्यानंतरच्या वर्षीच सत्तेलाच शिक्षा सुनावणारा न्यायाधीश रंगभूमीवर उभा राहिला. त्या काळच्या प्रेक्षकाला या दोन न्यायासनांतील अंतर जाणवले नसेल असे संभवत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सवाई माधवराव हे नारायणरावांचे मरणोत्तर जन्मलेले पुत्र. खाडिलकरांनी पुत्राचा मृत्यू १८९३ मध्ये लिहिला आणि पित्याचा वध १९०९ मध्ये. तपास करणारा ज्याप्रमाणे अखेरच्या घटनेपासून मागे मागे जातो, त्याचप्रमाणे हा नाटककार सोळा वर्षांत परिणामाकडून कारणाकडे गेला. १७९५ च्या दसऱ्यानंतर घडलेल्या मृत्यूला ज्या नाटकात निवाडा मिळू शकला नव्हता, त्याचे मूळ १७७३ च्या गणेशोत्सवातील रक्तपातात होते, असे जणू ही दोन नाटके एकत्र वाचली असता म्हणता येते.

नाशिक आणि बंदी

नाट्यगृहाबाहेरच्या इतिहासाने या विचाराची कठोर परीक्षा घेतली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त नाटकाचा प्रयोग योजला होता. नाटक होते देवलांचे 'शारदा'. नाट्यगृहात प्रवेश करीत असता अनंत कान्हेरे या तरुणाने जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. समारंभाचा प्रसंग, जमलेले लोक, सांगलीकर नाटककाराचे नाटक आणि प्रत्यक्ष खून: रंगभूमी आणि राजकारण यांच्यातील अंतर त्या रात्री नाहीसे झाले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, 'कीचकवधा'वर सरकारने बंदी घातली. त्या नाटकाच्या प्रभावाची दखल इंग्लंडातील वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली होती.

सरकारच्या दृष्टीने धोका भीमाचा होता. रामशास्त्र्याचा धोका त्या मानाने त्यांना उमगला नसावा. परंतु खाडिलकरांच्या वाङ्मयाचा विचार करता 'भाऊबंदकी'तील न्यायाधीश हाच त्यांचा अधिक दूरगामी शोध ठरतो. सूड घेणाऱ्या वीराची परंपरा मराठी रंगभूमीला नवी नव्हती. शब्दाने सत्तेला निष्प्रभ करणारा पुरुष तिला नवा होता. महाराष्ट्र नाटक मंडळीच्या प्रयोगांनंतरही हे नाटक टिकून राहिले. नानासाहेब फाटकांचा राघोबा आणि दुर्गा खोटे यांची आनंदीबाई पाहिलेल्या नंतरच्या पिढीला टिळकयुगातील संदर्भ ठाऊक असण्याची गरज भासली नाही.

संगीत नाटके आणि उत्तरायुष्य

१९१० नंतर खाडिलकर संगीत नाटकाकडे वळले. 'मानापमान' (१९११) आणि 'स्वयंवर' (१९१६) यांनी त्यांना अफाट लोकप्रियता दिली. या वळणाला काहींनी माघार मानले. परंतु 'विद्याहरण' (१९१३) या नाटकात जुनाच प्रश्न नव्या रूपात आढळतो. दैत्य कचाला मारतात आणि त्याची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांना पाजतात. येथे मेजवानीचा प्यालाच गुन्ह्याचा पुरावा गिळतो, आणि ज्याने निवाडा करायचा त्या गुरूच्याच उदरात तो पुरावा जाऊन बसतो. अपराध झाला हे कळूनही न्याय देण्यासाठी न्यायाधीशालाच स्वतःचे प्राण पणाला लावावे लागतात. मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कृतीत 'भाऊबंदकी'चा प्रतिध्वनी असा लपलेला आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात 'चित्रमयजगत्' मासिकातून खाडिलकरांनी युद्धाची सविस्तर मीमांसा केली. ती पुढे ग्रंथरूप झाली. टिळकांच्या निधनानंतर त्यांनी गांधींच्या असहकाराच्या चळवळीला पाठिंबा दिला. 'केसरी'च्या नव्या धोरणाशी ही भूमिका जुळण्यासारखी नव्हती. ते मुंबईस गेले, 'लोकमान्य' दैनिकाचे संपादक झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी स्वतःचे 'नवाकाळ' हे दैनिक सुरू केले. १९२९ मध्ये त्या पत्रातील लेखनाबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना एक वर्षाच्या कारावासाची शिक्षा झाली. न्यायासनाचे नाट्य लिहिणारा लेखक वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. जे सर्वांना ठाऊक आहे ते छापील अक्षरांत सांगण्याची जी किंमत 'केसरी'च्या काळात त्यांनी इतरांना मोजताना पाहिली होती, ती आता त्यांनी स्वतः मोजली. तुरुंगवासानंतर त्यांचा कल अध्यात्म व वेदान्ताच्या चिंतनाकडे अधिकाधिक झुकत गेला. 'सावित्री' (१९३३) हे त्यांच्या अखेरच्या नाटकांपैकी एक. त्यातही मृत्यूसमोर उभे राहून, केवळ शब्दांच्या बळावर, यमधर्माकडून न्याय मिळविणारी नायिका आहे. २६ ऑगस्ट १९४८ रोजी खाडिलकरांचे निधन झाले.

समारोप

खाडिलकरांच्या नाटकांत उत्सव हा शोभेसाठी नाही. ज्याने राष्ट्रीय महोत्सवांची आवश्यकता प्रतिपादन केली, त्याला हेही ठाऊक होते की गर्दी म्हणजे आपोआप सभा होत नाही. दसरा, पर्वणी आणि गणेशोत्सव या तीन प्रसंगांभोवती त्यांनी तीन मृत्यू पाहिले. पहिल्यात कोणी निवाडा केला नाही. दुसऱ्यात निवाड्याची जागा हाताने घेतली. तिसऱ्यात ती शब्दाने घेतली. गर्दीचे रूपांतर सभेत होते ते, जेव्हा तिच्यातील एक माणूस उठून सर्वांच्या मनातील गोष्ट सर्वांसमक्ष सांगतो, तेव्हा. माहुलीच्या न्यायशास्त्र्याची ही कथा साताऱ्याच्या परिसरात जपली गेली आणि सांगलीच्या नाटककाराने तिला रंगभूमीचे रूप दिले. 'कीचकवधा'च्या बंदीमुळे खाडिलकरांचे नाव इतिहासात नोंदले गेले हे खरे. पण त्यांच्या नाट्यविचाराची परिणती शोधायची झाल्यास ती भीमाच्या मुष्टीत नव्हे, तर दरबारातून पाठ फिरवून वाईच्या वाटेला लागलेल्या निःशस्त्र रामशास्त्र्याच्या पावलांत सापडते.